नॅनोमीटरपर्यंत पाहणारा क्ष-किरण सूक्ष्मदर्शक कसा रचतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे प्रश्न मी रचलेले नाहीत. ते मला विचारले गेले आहेत. मी सांगलीत यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. वर्गातले विद्यार्थी, सुटे भाग करून घेण्यासाठी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जातो तिथल्या टूलरूममधले कारागीर आणि साताऱ्याकडचे भौतिकशास्त्र शिकवणारे एक-दोन स्नेही यांनी ते वेळोवेळी विचारले, आणि मी तुकड्यातुकड्यांनी उत्तरे देत आलो. आता ती एके ठिकाणी लिहून ठेवतो आहे. भौतिकशास्त्र लागेल तेवढेच घेतले आहे, कारण माझ्या मते हा विषय निम्म्याहून अधिक यंत्रकामाचा आहे.

प्रकाशाचा आणि इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक असताना क्ष-किरणांचा कशाला हवा?

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, त्यामुळे नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन ठिपके एकमेकांत मिसळून जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अणूपर्यंत पोहोचतो, पण इलेक्ट्रॉन पदार्थात फार आत शिरत नाहीत. आरपार पाहायचे असेल तर नमुन्याचा शंभरेक नॅनोमीटर जाडीचा काप घ्यावा लागतो, आणि एकदा कापलेली वस्तू पुन्हा अखंड पाहता येत नाही. क्ष-किरणांची तरंगलांबी मुळातच लहान आहे; १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला ती ०.१२४ नॅनोमीटर भरते. शिवाय ते कित्येक मायक्रोमीटर जाडीच्या नमुन्यातून पार होतात, म्हणजे वस्तू न फोडता तिच्या आतली रचना त्रिमितीत पाहता येते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण संगणकाच्या चिपचे आहे. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेच्या गटाने २०१७ मध्ये एका प्रोसेसरच्या आतील तारा आणि ट्रान्झिस्टर १४.६ नॅनोमीटर विभेदनाने (म्हणजे वेगळे दिसू शकणाऱ्या दोन ठिपक्यांमधले सर्वांत कमी अंतर) त्रिमितीत दाखवले, आणि २०२४ मध्ये त्याच संस्थेतून ४ नॅनोमीटरपर्यंत पोहोचल्याचे प्रसिद्ध झाले. माणसाच्या केसाची जाडी ५० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे ५० हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, एवढे लक्षात ठेवले तर या आकड्यांचे मोल कळेल.

दवाखान्यातल्या सीटी स्कॅनपेक्षा हे वेगळे कसे?

तत्त्व एकच आहे: निरनिराळ्या कोनांतून सावल्या घ्यायच्या आणि गणिताने त्यांतून आतली रचना उभी करायची. या कामासाठी कॉरमॅक आणि हाउन्सफिल्ड यांना १९७९ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. दवाखान्यात रुग्ण झोपलेला असतो आणि क्ष-किरणांची नळी त्याच्याभोवती फिरते. इथे किरण जागचे हलत नाहीत, नमुनाच फिरतो. मिरजेच्या दवाखान्यातले यंत्र साधारण अर्ध्या मिलिमीटरचे तपशील दाखवते. आपल्याला त्याच्या दहा-वीस हजारपट बारीक पाहायचे आहे, आणि सगळ्या अडचणी त्या 'दहा-वीस हजारपट'मध्ये दडलेल्या आहेत.

क्ष-किरणांसाठी साधे काचेचे भिंग का चालत नाही? झोन प्लेट म्हणजे काय?

प्रकाश काचेत शिरताना वळतो म्हणून भिंग काम करते. क्ष-किरण जवळजवळ वळतच नाहीत. त्यांचा अपवर्तनांक १ पासून फार तर लाखाव्या भागाच्या आसपास ढळतो, आणि तोही १ च्या खाली. १८९५ मध्ये क्ष-किरण शोधणाऱ्या रॉन्टगेन यांनीही लोलक आणि भिंगे लावून पाहिली होती, पण किरण वळल्याचे त्यांना आढळले नाही.

म्हणून दुसरे मार्ग काढावे लागले. कर्कपॅट्रिक आणि बाएझ यांनी १९४८ मध्ये एकमेकांना काटकोनात ठेवलेले दोन आरसे सुचवले, ज्यांच्यावर किरण अगदी चाटून गेल्यासारखे पडतात आणि एका ठिपक्यात एकत्र येतात. अशा जोड्या आजही मोठ्या केंद्रांवर वापरात आहेत. (यातले अल्बर्ट बाएझ हे गायिका जोन बाएझ यांचे वडील, वर्गात हे सांगितले की मागच्या बाकांवरचेही जागे होतात.) दुसरा मार्ग झोन प्लेटचा. सोन्यासारख्या जड धातूची एकाच केंद्राभोवतीची शेकडो वलये पातळ पडद्यावर उभी करायची, अशा हिशेबाने की एकाआड एक वलयांतून विवर्तन पावलेल्या, म्हणजे कडेवरून वळून पसरलेल्या लहरी एका बिंदूत एकमेकींना साथ देतील. केंद्रापासून दूर जावे तसतशी वलये अरुंद होत जातात, आणि सर्वांत बाहेरचे वलय जितके अरुंद तितके विभेदन चांगले. ठोकताळा म्हणजे बाहेरच्या वलयाच्या रुंदीची १.२२ पट.

आकड्यांत पाहू. १५० मायक्रोमीटर व्यासाची आणि बाहेरचे वलय ३० नॅनोमीटर असलेली झोन प्लेट घेतली, तर १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला तिचे नाभीय अंतर सुमारे ३६ मिलिमीटर येते आणि वलये १,२५० होतात. वलयांची उंची ६०० नॅनोमीटर ठेवली तरी रुंदीच्या वीसपट उंच भिंती उभ्या कराव्या लागतात. उंची आणखी वाढवली तर किरण अधिक कामी लागतात, पण भिंती कलंडू लागतात. वलये कोरण्याऐवजी हजारो पातळ थर एकावर एक चढवून त्यांचा काप घेण्याची पद्धतही आहे. न्यूयॉर्कजवळील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत अशा भिंगांनी साधारण १० नॅनोमीटरचा ठिपका साधला गेला आहे.

म्हणजे चांगले भिंग मिळाले की काम झाले?

नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी होतो. भिंग १० नॅनोमीटरचे असेल आणि मोजमाप चालू असताना नमुना भिंगाच्या तुलनेत ५० नॅनोमीटर सरकत असेल, तर हाती ५० नॅनोमीटरचेच चित्र येते. भिंगावर खर्च केलेले पैसे तिथेच बुडतात.

'भिंगाच्या तुलनेत' हे शब्द मी मुद्दाम वापरले. एस.टी.त बसून वर्तमानपत्र वाचताना अक्षरे नाचतात, ती गाडी हलते म्हणून नव्हे. हात आणि डोके वेगवेगळे हलतात म्हणून. कागद आणि डोळा एकाच चौकटीत घट्ट बसवता आले असते, तर गाडी कितीही उसळली तरी वाचता आले असते. सूक्ष्मदर्शकाचेही तेच आहे. किरणांचा स्रोत यंत्रापासून बहुधा पन्नास-साठ मीटर दूर असतो, त्यामुळे भिंग किंचित सरकले तर केंद्रित ठिपकाही जवळपास तितकाच भिंगाबरोबर सरकतो. सगळा टेबल एकसंध हलला तर फारसे बिघडत नाही. भिंग एकीकडे आणि नमुना दुसरीकडे गेला की बिघडते. म्हणून रचनाकार भिंगापासून नमुन्यापर्यंतचा धातूचा रस्ता बोटाने मोजत जातो: भिंगाचा धारक, त्याची स्टेज (बारीक सरकवणारे पीठ), खालचा पाया, मग वर नमुन्याची स्टेज, नमुना फिरवणारी फिरकी, सुई आणि सुईच्या टोकावरचा नमुना. हा रस्ता जितका आखूड, जितका ताठ आणि जितका कमी सांध्यांचा, तितके यंत्र चांगले. मला कोणी नव्या यंत्राचे चित्र दाखवले तर मी भिंगाकडे नंतर पाहतो; आधी या रस्त्यात किती बोल्ट आहेत ते मोजतो.

ताठपणावर एवढा भर का? खाली रबरी पाय लावून कंपने थांबवता येत नाहीत का?

हिशेब करून पाहू. समजा जमीन सेकंदाला ५ वेळा १ मायक्रोमीटर हलते आहे. (चांगल्या प्रयोगशाळेची जमीन याहून पुष्कळ शांत असते, आकडा सोपा जावा म्हणून घेतला आहे.) नमुन्याच्या स्टेजची नैसर्गिक वारंवारता १०० हर्ट्झ असेल, म्हणजे टिचकी मारल्यावर ती आपणहून सेकंदाला १०० वेळा डुलत असेल, तर नमुना पायाच्या तुलनेत किती हलेल? १०० ला ५ ने भागले की २०, त्याचा वर्ग ४००. म्हणजे १ मायक्रोमीटरचा चारशेवा भाग, अडीच नॅनोमीटर. स्टेज थोडी लवचीक झाली आणि तिची वारंवारता ५० वर आली, तर हाच आकडा १० नॅनोमीटर होतो. २० वर आली तर ६० च्या पुढे जातो. वारंवारता निम्मी झाली की हलणे चौपट होते, हे ज्याच्या अंगवळणी पडले त्याला या यंत्रांची रचना अर्धी समजली.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. खुंटी पिळली की तार ताणली जाते, सूर चढतो, आणि तेवढ्याच जोराने छेडली तरी तार पूर्वीपेक्षा कमी अंतर हलते. स्टेजची तार पिळता येत नाही. तिथे सूर चढवायचा तर वजन कमी करावे लागते, उंची कमी करावी लागते आणि एकावर एक रचलेल्या स्टेजांची उतरंड मोडावी लागते. बाजारातल्या सहा स्टेजा एकावर एक ठेवून 'सहाही दिशांना हालचाल मिळाली' म्हणणारे यंत्र कागदावर सुंदर दिसते, पण प्रत्यक्षात ते बोरूसारखे डुलते.

रबरी पाय किंवा हवेच्या स्प्रिंगा जलद कंपने अडवतात, हे खरे आहे. परंतु त्या स्वतः मऊ असल्यामुळे सेकंदाला एक-दोन वेळा असे संथ डोलणे उलट वाढवतात. वरची स्टेज वेगाने मागेपुढे होऊ लागली की तिच्या धक्क्याने सगळा टेबल झुलतो. शिवाय किरण लांबून जमिनीला बांधलेल्या आरशांवरून येतात. टेबल तरंगत राहिला तर किरण आणि यंत्र यांची गाठ चुकत जाते. म्हणूनच अनेक रचनाकार ग्रॅनाइटचा जाड ठोकळा थेट फरशीवर बसवणे पसंत करतात. जागा बदलायची असेल तेव्हा ठोकळ्याखाली हवा सोडून तो तरंगवायचा, आणि जागेवर आला की हवा बंद करायची, म्हणजे दगड दगडावर बसतो आणि मध्ये स्क्रू, रेल, छर्रे असे काहीच उरत नाही. शिकागोजवळील आर्गॉन प्रयोगशाळेतल्या वेगवान क्ष-किरण सूक्ष्मदर्शकात एअर-बेअरिंगवरचे ग्रॅनाइट असेच वापरले आहे. टूलरूममध्ये ग्रॅनाइटची सरफेस प्लेट रोज पुसणाऱ्या माणसाला या कल्पनेत नवल वाटत नाही.

आपल्या भागात, म्हणजे कोयनेच्या जवळ, असे यंत्र बसेल का?

हा प्रश्न साताऱ्यात हमखास येतो, कारण ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथल्या घरांच्या आठवणीत आहे, आणि कोयना परिसरात लहान धक्के आजही नोंदले जातात. त्यांचा अभ्यास करण्यासाठी कराडजवळ केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे, आणि त्या प्रकल्पात सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले आहे. पण सूक्ष्मदर्शकाला अधूनमधून येणाऱ्या धक्क्याची फारशी पर्वा नसते. तेवढ्या काळातले मोजमाप टाकून पुन्हा घ्यायचे. त्रास होतो तो न थांबणाऱ्या बारीक कंपनांचा: पंखा, कंप्रेसर, लिफ्ट, १,४४० फेऱ्यांची मोटार म्हणजे सेकंदाला २४ ठोके, आणि गळीत हंगामात रस्त्याने रात्रंदिवस जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या.

जागाच निवडायची झाली तर मी साताऱ्याकडचा उघडा काळा कातळ निवडेन. सांगलीकडे कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर बांधतानाही पाया खोल न्यावा लागतो; नॅनोमीटरच्या यंत्राची तर गोष्टच सोडा.

तापमानाने खरोखर इतका फरक पडतो का?

कंपनांपेक्षाही अधिक पडतो, असे माझे मत आहे, कारण कंपन आलेखात दिसते आणि उष्णतेचे सरकणे चोरपावलांनी येते. १० सेंटिमीटर लांबीची पट्टी घ्या आणि तापमान अंशाच्या शंभराव्या भागाने, म्हणजे ०.०१ अंश सेल्सिअसने बदलू द्या. अॅल्युमिनियमची पट्टी सुमारे २३ नॅनोमीटर वाढते, स्टेनलेस स्टीलची १७, ग्रॅनाइटची सात-आठ आणि इन्व्हारची एक-सव्वा. निकेल आणि लोखंडाचे हे मिश्रण शोधणारे गिलोम यांना १९२० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याच प्रकारच्या कामासाठी.

मग सगळे इन्व्हारचेच का करू नये? कारण ते जड आहे, चुंबकीय आहे, हत्याराला चिकटते, महाग आहे, आणि उष्णता त्यातून सावकाश पसरते, त्यामुळे एक बाजू गरम आणि दुसरी गार अशी अवस्था बराच वेळ टिकते. अॅल्युमिनियम फुगते खरे, पण सगळीकडून सारखे आणि लवकर. शहाणी रचना सममिती वापरते: भिंगाचा आणि नमुन्याचा खांब एकाच धातूचा आणि एकाच उंचीचा केला की दोन्ही सारखेच वाढतात, आणि दोघांमधला फरक तसाच राहतो.

माझी स्वतःची फजिती इथे सांगतो. महाविद्यालयात एक छोटी लवचीक सांध्यांची स्टेज आम्ही जुळवली होती आणि तिच्यावर बारीक सरकणे मोजणारा धारिता-संवेदक लावला होता. सकाळी दहाला सुरू केली की दुपारपर्यंत रेषा एकाच दिशेने चढत राहायची. खिडकीतल्या उन्हावर संशय घेऊन पडदे लावले, मग पंखा बंद केला, मग खोलीला कुलूप लावले. रेषा चढतच राहिली. चौथ्या दिवशी एका विद्यार्थ्याने सहज स्टेपर मोटारीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मोटार जागेवर उभी असतानाही तिला धरून ठेवणारा विद्युतप्रवाह चालूच होता, आणि ती स्टेजच्याच पायाला बोल्टने बसवलेली होती. चूक माझीच होती. तेव्हापासून हालचाल संपली की प्रवाह तोडायचा, हा नियम मी फळ्यावर लिहून ठेवला आहे.

यंत्र चालू असताना खोलीत कोणी का नसते?

पहिले कारण किरणोत्साराच्या सुरक्षेचे. खोली शिशाच्या भिंतींची असते आणि दार उघडताच किरण बंद होतात. दुसरे असे की शांत बसलेला माणूसही सुमारे १०० वॅटच्या दिव्याएवढी उष्णता देतो. दार लावल्यानंतर तापमान पुन्हा स्थिरावायला कित्येक तास जातात.

नमुना फिरवायचा म्हणजे नेमकी काय अडचण आहे?

चकात जॉब धरून डायल लावला आणि काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात राहिला, तर आपला टर्नर समाधानी होतो, आणि त्याच्या कामासाठी ते योग्यच आहे. पण तो शंभरावा भाग म्हणजे १०,००० नॅनोमीटर. उत्तम एअर-बेअरिंगच्या फिरकीचा आउट, म्हणजे फिरताना बाजूला सरकणे, पन्नास-शंभर नॅनोमीटरच्या आत येतो. तरीही आपल्या कामाला तो जास्तच. शिवाय अक्ष नुसता सरकत नाही, डुलतोही. तो एक मायक्रोरेडियन कलला आणि नमुना बेअरिंगच्या ५० मिलिमीटर वर असला, तर नमुना ५० नॅनोमीटर बाजूला जातो. नमुन्याची सुई उंच ठेवण्याचा मोह टाळावा, असे मी म्हणतो ते यासाठी.

किती कोनांतून चित्रे लागतात, याचाही हिशेब आहे. नमुन्याची रुंदी विभेदनाने भागून येणाऱ्या आकड्याला π ने (३.१४) गुणायचे. १० मायक्रोमीटरचा नमुना २० नॅनोमीटर विभेदनाने पाहायचा तर सुमारे १,५७० प्रक्षेप घ्यावे लागतात, म्हणजे १८० अंशांत दर ०.११ अंशाला एक. प्रत्येक वेळी नमुना किंचित वेगळ्या जागी आला, तर गणिताला ते कळत नाही. ते मुकाट्याने सगळे मिसळते आणि बारीक तारेच्या जागी चंद्रकोरीसारखा डाग दाखवते.

यावर दोन उपाय एकत्र करतात. फिरकीच्या माथ्यावर अचूक गोळा किंवा नळकांडे बसवून संवेदकांनी त्याचे हलणे सतत मोजायचे. जी चूक प्रत्येक फेरीत जशीच्या तशी येते ती आधीच नोंदवून वजा करता येते, आणि उरलेली, दर वेळी बदलणारी चूक त्याच क्षणी मोजून स्टेजला उलटे ढकलावे लागते. त्यानंतरही जे उरते ते संगणकावर चित्रे एकमेकांशी जुळवून काढतात. संगणकावर सगळे सुधारता येईल या भरवशावर यांत्रिकी ढिली ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. एका चित्राचे मोजमाप सुरू असताना नमुना हलला, तर ते चित्र फिसकटलेलेच राहते. जुळवणी फक्त दोन चित्रांमधले सरकणे दुरुस्त करू शकते.

स्टेजमध्ये एन्कोडर असताना लेझर इंटरफेरोमीटर कशाला?

एन्कोडर, म्हणजे स्टेज किती सरकली ते मोजणारा मापक, स्टेजच्या पोटात असतो आणि नमुना तिच्या डोक्यावर. पोटातले मोजमाप अचूक असले तरी वरचा भाग कलला, तापला किंवा डुलला तर एन्कोडरला त्याचा पत्ता नसतो. जिथे मोजायचे आहे त्याच रेषेत मापक ठेवावा, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांचे तत्त्व शंभर वर्षांहून जुने आहे, आणि मायक्रोमीटर विरुद्ध व्हर्निअर कॅलिपर या रूपाने आपण ते पहिल्या वर्षातच शिकवतो. म्हणून चांगल्या यंत्रांत लेझरचा किरण थेट भिंगाच्या धारकापासून नमुन्याच्या धारकापर्यंतचे अंतर मोजतो. पिझोवर (वीज दिली की किंचित लांबणाऱ्या पदार्थावर) चालणारी स्टेज या मोजमापाकडे पाहून सेकंदाला शेकडो-हजारो वेळा स्वतःला सावरते.

त्यातही एक खोच आहे. लेझर हवेतून जातो, आणि हवा एक अंशाने तापली की तिचा अपवर्तनांक साधारण दहालाखाव्या भागाने बदलतो. १० सेंटिमीटरच्या वाटेत तेवढ्याने शंभरेक नॅनोमीटरचा भास होतो. त्यामुळे वाट आखूड ठेवतात, ती झाकून घेतात, किंवा सगळे यंत्रच निर्वातात बसवतात.

टायकोग्राफी हा शब्द ऐकला आहे. ती भिंगावाचून चित्र काढते का?

बऱ्याच अंशी होय. या पद्धतीची मूळ कल्पना वॉल्टर होप यांनी १९६९ मध्ये इलेक्ट्रॉनांसाठी मांडली होती. किरणांचा ठिपका नमुन्यावर एकावर एक चढतील अशा जागी फिरवायचा आणि प्रत्येक जागी पलीकडच्या पडद्यावर उमटणारे विवर्तनाचे ठसे नोंदवायचे. शेजारच्या ठशांत काही भाग सामाईक असल्यामुळे संगणक लहरींची कला, म्हणजे फेज, शोधून काढतो आणि ठिपक्याच्या आकारापेक्षा बारीक चित्र तयार होते. वर सांगितलेली चिपची चित्रे याच पद्धतीची. भिंगाची मर्यादा गेली, पण जागेची अचूकता आणखी कडक झाली, कारण प्रत्येक ठसा कुठे घेतला हेच गणिताचे अन्न आहे.

नव्या पिढीच्या स्रोतांनी यात भर घातली आहे. फ्रान्समधील ग्रेनोबलचा सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वेगाने वर्तुळात फिरवून प्रखर क्ष-किरण देणारे मोठे यंत्र) २०२० मध्ये नव्या रूपात सुरू झाला आणि आर्गॉनचा २०२४ मध्ये. पूर्वी एका जागी सेकंदभर थांबावे लागे. आता काही मिलिसेकंद पुरतात. स्टेजने तेवढ्या वेगाने धावायचे, थांबायचे नाही आणि डुलायचेही नाही. स्रोत उजळला तसा अडसर यंत्रकामाकडे आला.

इतक्या किरणांनी नमुना जळत नाही का?

जळतो, विशेषतः जैविक आणि प्लॅस्टिकचा. विभेदन दुप्पट बारीक करायचे तर लागणारी किरणांची मात्रा सुमारे सोळापट होते. म्हणून पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला गोठवून पाहतात. गोठवण्याची व्यवस्था म्हणजे यंत्रात उकळणारा द्रव आणि थंड टोक शिरणे, म्हणजेच कंपने आणि तापमानाचे उतार. पॉल शेरर संस्थेने हे दोन्ही सांभाळून निर्वातात चालणारे यंत्र उभे केले आहे, आणि रचनाकाराच्या नजरेने मला ते चिपच्या चित्रांहून अधिक अवघड वाटते.

नमुना केवढा असावा?

लहान. वरच्या उदाहरणातल्या झोन प्लेटची नाभीय खोली, म्हणजे चित्र स्पष्ट राहते तेवढे अंतर, पुढे-मागे सुमारे १५ मायक्रोमीटर भरते, त्यामुळे नमुना बहुधा दहा-वीस मायक्रोमीटरचा खांब म्हणून कोरून सुईच्या टोकावर चिकटवतात. चिकटवणारा गोंद तासन्‌तास आकसत राहतो. तो पूर्ण वाळू द्या.

असे यंत्र सांगली-साताऱ्यात बनू शकेल का?

किरणांचा स्रोत नाही. सिंक्रोट्रॉन हे राष्ट्राच्या आवाक्यातले काम आहे. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इंडस-२ आहे आणि तिथे क्ष-किरण प्रतिमांसाठी वेगळी किरणवाहिनीही आहे. टेबलावर मावणारी, नळीवर चालणारी यंत्रे बाजारात मिळतात. ती ५० नॅनोमीटरपर्यंत जातात, पण प्रकाश कमी असल्यामुळे एका त्रिमितीय चित्राला तासन्‌तास लागतात.

यांत्रिकीचे मात्र मी ठामपणे 'होय' म्हणेन. लवचीक सांध्यांची स्टेज म्हणजे एकाच ठोकळ्यातून वायरकटने (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी) कापलेली चौकट, जिच्या कोपऱ्यांत तीन-चार दशांश मिलिमीटरच्या माना ठेवलेल्या असतात. तिच्यात सरकणारे काही नाही, त्यामुळे प्ले (सैलपणा) नाही आणि तेल नाही. कुपवाडला असा भाग कापून घेताना मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागली: शेवटचे कट हलक्या हाताने घ्या आणि जॉब क्लॅम्पमध्ये दाबू नका, कारण दाबून कापलेली मान सोडल्यावर वाकते. पहिल्या दोन चौकटी वाया गेल्या. तिसरी बरोबर आली, आणि कापणाऱ्याने ती कानाशी धरून नखाने टिचकी मारली, तेव्हा ती घंटीसारखी वाजली.

महाविद्यालयात थोड्या पैशांत सुरुवात कशी करावी?

क्ष-किरण विसरा आणि स्थिरता मोजायला शिका. अॅल्युमिनियमची एक चौकट कापून घ्या, ती जाड पायाला घट्ट बसवा, तिच्यावर एक त्वरणमापक चिकटवा आणि बोटाने हलकेच ठोका. येणाऱ्या नोंदीचे वारंवारतेनुसार पृथक्करण केले की नैसर्गिक वारंवारतेचा सुळका दिसतो. मग वर वजन ठेवून तो खाली येताना पाहा, बोल्ट थोडा सैल करून पाहा, पायाखाली रबर घालून पाहा. टेबलाची कंपने पाहायला सुरुवातीला मोबाइलमधला त्वरणमापकही चालतो. एक नोंद सकाळी अकराला घ्या आणि एक रात्री अकराला, आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा. २४ हर्ट्झजवळ एक सुळका सकाळी असेल आणि रात्री नसेल, तर गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार कुठे बसवली आहे ते शोधा.